अकरा बिळांची यादी

हळेकुंटा, ता. चिंचोळी, जि. गुलबर्गा
१२ नोव्हेंबर १९८६

आदरणीय मालतीबाई,
सविनय जयभीम.

तुम्ही धाडलेली सायकल आणि तीन बॅटऱ्या परवाच्या बसनं पोचल्या. टपावरून उतरवताना सायकलीचं एक पायडल वाकलं होतं, ते आमच्या मालकांनी दगडावर ठोकून सरळ केलं. जंगलाच्या राखणीला आता आम्ही सातजण झालो. पुढारपण माझ्या दिराकडं, बाबूलालकडं दिलंय. मध काढणारा माणूस तो. रानातली वाट न् वाट त्याच्या पायाखालची.

तुम्ही सांगितल्याप्रमाणं आधी खवल्या मांजराचं काम घेतलं. इथले लोक त्याला कन्नडात चिप्पुहंदी म्हणतात, शिंपल्यांचं डुक्कर. बाबूलालनं महिनाभर हिंडून जनावराच्या वस्तीची अकरा बिळं काढली. फोडलेल्या वारुळांवरनं आणि बिळाच्या तोंडाशी पडलेल्या ताज्या मातीवरनं त्याला कळतं. त्यानं सांगितलं, मी लिहून घेतलं. मागच्या पानावर क्रमांक टाकून जागा दिल्यात, खाली नकाशाही काढलाय. ओढा, दगडी बांध, गाडीवाट सगळं त्यात आहे. बाई, ही यादी तुमच्याशिवाय कुणाच्या हाती देऊ नका. त्याच्या खवल्यांसाठी माणसं कुठून कुठून येतात म्हणे.

आता एक विचारते. काल पारावर बैठक झाली. महादेवप्पा धनगर आमच्यात सगळ्यात वयस्कर. तो म्हणाला, "आधी येऊन मोजून जातेत. मग तार मारतेत. मग आमची शेरडं कुठं न्यावीत?" मी म्हणाले, ही मोजणी सरकारची नाही, आमच्या मालतीबाईंची आहे. तर तो हसला. "बाईला कुनी मोजाया सांगिटलंय, ते तर इचार," म्हणाला.

म्हणून विचारते. हे जंगल आम्हांला बंद करायचा कुणाचा विचार आहे का? सरपण, मध, टेंभुर्णीची पानं, सगळं तिथलंच. शिक्षिकेच्या ट्रेनिंगच्या वसतिगृहात माठाच्या पाण्यावरनं पोरींनी मला बाहेर उभं केलं होतं, तेव्हा तुम्ही स्वतः माझ्या हातून पाणी घेऊन प्यालात. त्या भरवशावर मी गाव गोळा केलंय. खरं काय ते लिहा.

तुमची विद्यार्थिनी,
चांगुणा

•

बिदर
२४ नोव्हेंबर १९८६

चि. चांगुणास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून किती आनंद झाला, कसं सांगू? तीस वर्षं प्राणिशास्त्र शिकवलं, पण हा प्राणी मी जिवंत असा एकदाच पाहिला, तोही पिंजऱ्यात. मादीला एका वेळी एकच पिल्लू होतं. त्यामुळं एक जरी मारला गेला तरी ती जागा भरून यायला वर्षं जातात. तुमच्या रानात अकरा वसती बिळं असणं ही फार मोठी गोष्ट आहे. बाबूलालला माझी शाबासकी सांग.

तुझ्या यादीची मी स्वच्छ प्रत केली आहे, ती सोबत पाठवते. काही चुकलं असेल तर दुरुस्त करून परत पाठव. मूळ कागद माझ्या कपाटात कुलपात आहे.

आपल्या अरण्यमित्र मंडळाला बेंगळूरच्या ज्या संस्थेची मदत आहे, तिचे पाहुणे जानेवारीत बिदरला येणार आहेत. आम्ही काय काम केलं ते त्यांना दाखवावं लागेल. आमचे चिटणीस भीमसेनराव, माझे चुलतभाऊ, फार घाई करतात. "गावातल्या माणसांवर एवढा भरवसा कसा ठेवता?" असंही मला विचारत होते. मी त्यांना गप्प केलं.

जंगल बंद करण्याचा कुणाचा विचार माझ्या माहितीत नाही. महादेवप्पांना सांग, निर्धास्त राहा.

तुझ्या नवऱ्याला, नरसिंगला, आणि सासूबाईंना नमस्कार.

तुझी,
मालतीबाई

•

हळेकुंटा
१९ जानेवारी १९८७

आदरणीय मालतीबाई,
सविनय जयभीम.

वाईट बातमी आहे. तीन आणि सात नंबरची बिळं खणून काढली.

परवा सकाळी बाबूलाल फेरीला गेला, तसाच पळत माघारी आला. शाळा सुटली नव्हती, तरी मी पोरांना बसवून त्याच्या मागं गेले. सात नंबरच्या बिळाला तोंडाकडनं धूर दिलेला. पालापाचोळा जाळलेला, वर ओलं गवत. आणि मागच्या अंगानं कुदळीनं उकरत उकरत आत गेलेले. माणूस उभा राहील एवढा खड्डा. तीन नंबरलाही तसंच. जनावर नेलं, मागं रक्ताची वाळलेली रेघ तेवढी. बाबूलाल खड्ड्याच्या काठावर बसला आणि लहान पोरासारखा रडला. "म्याच दावलं वैनी, म्याच दावलं," म्हणत होता.

बाई, माग काढत आलेला चोर इकडं तिकडं खणतो. जुनी सोडलेली बिळंही उकरतो. इथं तसं काही नाही. गाडीवाटेवरनं उतरून सरळ तीनवर आणि तिथनं सरळ सातवर गेलेत. ज्याच्या हाती जागा लिहिलेली आहे, असाच माणूस असा चालतो.

आणखी एक. तुम्ही पाठवलेली प्रत मला अठरा दिवसांनी मिळाली. पत्त्यावर जिल्हा नव्हता, नुसतं चिंचोळी लिहिलेलं, म्हणून ते भालकीकडच्या खटकचिंचोळीला गेलं आणि तिथनं फिरून इकडं आलं. पाकिटाची एक बाजू उसवलेली होती. वाटेत फाटली की कुणी फाडली, ते मला कळत नाही.

गावात आता कुजबूज चाललीय. काल महादेवप्पाच्या घरचे राखणीला आले नाहीत. तुमच्याकडं ती यादी कुणी कुणी बघितली? तेवढं कळवा.

चांगुणा

•

बिदर
२७ जानेवारी १९८७

चि. चांगुणास आशीर्वाद.

पत्र वाचून सुन्न झाले. पत्ता अपुरा लिहिला ही माझी चूक. खटकचिंचोळीला ते पाकीट कुणाच्या हाती पडलं असेल, कोण जाणे. बहुधा तिथंच कुणीतरी वाचलं असणार. दुसरं काही मला सुचत नाही.

पण मनात येतं ते तुझ्यापासून लपवू कशाला? भीमसेनरावांनी तालुक्याला चौकशी केली. तिकडच्या बाजारात खवल्यांचा व्यवहार होतो आणि त्यात हळेकुंट्याच्या कुणाचं तरी नाव घेतात, असं त्यांच्या कानावर आलं. नाव बाबूलालचं आहे. गेल्या महिन्यात तो दोनदा जहिराबादला गेला होता, हे खरं का? कशासाठी गेला होता?

रागावू नकोस. जागा तीन माणसांना ठाऊक होत्या. तू, मी आणि तो. मध काढणाऱ्या माणसाची मध घेणाऱ्यांशी ओळख असते, आणि त्यांची आणखी कुणाशी. तो मुद्दाम करेल असं मी म्हणत नाही. पण जरा लक्ष ठेव. त्याच्या घरात काही दिसलं तर मला कळव. दुसऱ्या कुणाला बोलू नकोस.

मालतीबाई

•

हळेकुंटा
६ फेब्रुवारी १९८७

मालतीबाई,
जयभीम.

तुमचं पत्र मी दोन दिवस जवळ ठेवलं. मालकांना दाखवलं नाही. भाऊ आहे त्यांचा.

बाबूलाल जहिराबादला गेला होता. दोनदा गेला. त्याची दोन वर्षांची लेक भागा, तिच्या डाव्या डोळ्यात पांढरं पडलंय. तिथल्या डोळ्याच्या डॉक्टराकडं खांद्यावर बसवून नेली. मीच चिठ्ठी लिहून दिली होती. हे तुम्ही मला आधी विचारलं असतं, तर भीमसेनरावांना तालुक्यापर्यंत जायची गरज नव्हती.

पण बाई, तुम्ही पेरलेलं उगवलं. ते कबूल करते. मी त्याच्या घरात जाऊन बघितलं. जाऊबाई पाण्याला गेली होती. उतरंड बघितली, धान्याची कणगी बघितली, मधाचे डबे उघडून बघितले. माझ्याच दिराच्या घरात मी चोरासारखी फिरले. काही सापडलं नाही. निघताना भागा जागी झाली, तिला उचललं, तर तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्याला एक खवला बांधलेला.

सासूबाईंना, कोंडाबाईंना, विचारलं. त्या म्हणाल्या, "माझ्या पोराच्या गळ्यात व्हता, आता नातीच्या गळ्यात हाय. तुला कामून सलायलाय?" हुलसूरच्या बाजारात वीस-बावीस वर्षांमागं कुण्या बाईनं दृष्टीसाठी दिलेला. मी हातात घेऊन नीट बघितला. पिवळा पडलेला, कडा झिजून गुळगुळीत झालेल्या, भोक दोऱ्यानं रुंदावलेलं. कालचा न्हाई तो.

आमचं दीक्षा घेतलेलं घर. हे गंडेदोरे आम्ही सोडलेत असं मी शाळेत, सभेत सांगते, आणि माझ्याच घरात हे. लाज वाटते म्हणून गावात कुणाला बोलले नाही. तुम्हांला सांगितलं, कारण तुम्ही लक्ष ठेव म्हणालात आणि मी ठेवलं. हे तुमच्या माझ्यात राहू द्या.

काल नऊ नंबरचं बीळ खणलं. काल सबंध दिवस बाबूलाल भागाला मांडीवर घेऊन माझ्या शाळेच्या पायरीवर बसलेला होता. तिच्या डोळ्यात औषध घालायला मी मदत करत होते.

तुम्ही माझ्या प्रश्नाचं उत्तर दिलं नाही. यादी कुणी बघितली?

चांगुणा

•

बिदर
१५ फेब्रुवारी १९८७

चि. चांगुणास,

पत्र मिळालं. मंडळाची काल बैठक झाली. तीन प्राणी गेले, आता गप्प राहणं कायद्यानंही बरोबर नाही, असं सगळ्यांचं मत पडलं. म्हणून मी वनखात्याला लेखी कळवलं आहे. जे आपल्याला माहीत आहे तेवढंच कळवलं. बाबूलालच्या घरात खवला आहे, हे त्यात आलं. ते टाळता आलं नाही.

तो निर्दोष असेल तर चौकशीत निघेलच. तू शिकलेली आहेस, समजून घेशील.

बेंगळूरचे पाहुणे तुझ्या कामाचं फार कौतुक करत होते.

मालतीबाई

•

हळेकुंटा
२ मार्च १९८७

मालतीबाईंना,

बाबूलालला नेऊन दहा दिवस झाले.

वनखात्याची जीप आली तेव्हा तो मधाची पोळी पिळत बसला होता. हात धुवू देत नव्हते. मी मधे पडले, "हात तर धुऊ द्या," म्हणाले, तेव्हा धुवू दिले. भागाच्या गळ्यातला दोरा कात्रीनं कापून घेतला आणि कागदात गुंडाळला. पोर रडली तशी कोंडाबाई आडव्या झाल्या. "माझा हाय तो. मला न्या," म्हणाल्या. साहेबांच्या हातात कागद होता. त्यांनी वाचून दाखवलं, घरातल्या बाईनं स्वतः पाहिलं आहे. मग सगळे माझ्याकडं बघायला लागले. मालक, जाऊ, सासूबाई. बाबूलालनं मात्र बघितलं नाही. तो खाली मान घालून जीपमध्ये बसला.

बाई, खवला किती जुना आहे ते मी लिहिलं होतं. कडा झिजल्यात, पिवळा पडलाय, सगळं लिहिलं होतं. तुमच्या पत्रात ते नव्हतं. मी साहेबांना विचारलं, ते म्हणाले, असं काही लिहिलेलं न्हाई.

त्या दिवसापासून मालक माझ्याशी कामापुरतं बोलतात. राखण मोडली. महादेवप्पा आला होता. मला वाटलं, सुनावेल. पण तो म्हणाला, "इल्लव्वा, न्हाई बाई, तुझं काय चुकलं? तुला शिकिवलंयच तसं." ते मला जास्त लागलं.

आता मी लिहायला बसले ते वेगळ्या गोष्टीसाठी. शनिवारी मालक बाबूलालला भाकर द्यायला तालुक्याला गेले. त्याच दिवशी तिथं खवल्यांचा एक व्यापारी धरून आणला होता. हमरस्त्यावर सापडला, पिशवीभर माल घेऊन. त्याची पिशवी टेबलावर उपडी केलेली. मालकांना इंग्रजी येत नाही, पण आकडे येतात. पिशवीत छापलेला एक गुळगुळीत कागद होता. त्यावर नकाशा. ओढा, दगडी बांध, गाडीवाट, आणि एक ते अकरा गोल ठिपके. माझा सातचा आकडा उलटा वाकतो, तुम्ही वर्गात त्यावरनं मला हसायच्या. छापलेला सातही तसाच वाकडा आहे म्हणे. वर तुमच्या मंडळाचं झाडाचं चिन्ह.

खटकचिंचोळीचं पाकीट छापखान्यात गेलं नव्हतं, बाई.

तो कागद कुणी छापला? उत्तर दिलं नाहीत, तर तेच उत्तर समजेन. सायकल आणि बॅटऱ्या शाळेत कुलपात ठेवल्यात. कधीही माणूस धाडून न्या.

चांगुणा

•

बिदर
८ मार्च १९८७

प्रिय चांगुणा,

तो कागद मी छापून घेतला.

१० जानेवारीला बेंगळूरचे पाहुणे आले, तेव्हा आमच्या मंडळाच्या खोलीत प्रदर्शन मांडलं होतं. तुझा नकाशा मोठा करून भिंतीवर लावला. त्याचीच पत्रकं छापून येईल त्याच्या हाती दिली. दोनशे छापली होती, संध्याकाळी माझ्याजवळचं एक सोडलं तर एकही उरलं नाही. कुणी विचारलं नाही, सांगितलं नाही, मीच हौसेनं दिला तो कागद. एवढ्या लहानशा गावातल्या शिक्षिकेनं केलेलं काम लोकांनी पाहावं, असं मनात होतं. आणि खरं सांगायचं तर ती माझी विद्यार्थिनी आहे, हेही लोकांनी पाहावं असं होतं. तू कुणाला देऊ नका म्हणून लिहिलं होतंस, ते त्या आठवड्यात मला आठवलंसुद्धा नाही.

तुझं १९ जानेवारीचं पत्र आलं, तेव्हा मी पत्रक काढून समोर ठेवलं. तीन आणि सात हे ठिपके गाडीवाटेला सगळ्यात जवळचे. त्याच क्षणी मला कळलं. म्हणजे २७ जानेवारीला तुला लिहिताना मला ठाऊक होतं. खटकचिंचोळीचं निमित्त मला बरं सापडलं. भीमसेनरावांनी बाबूलालचं नाव आणलं, तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. कसली चौकशी आणि कसलं काय, बाजारात कुणीतरी हळेकुंट्याचा एक मधवाला म्हणालं, एवढ्यावरून ते नाव निघालं होतं. मी ते उचललं. मला हवं होतं म्हणून उचललं.

खवल्याबद्दल तू लिहिलंस त्यावरून तो निदान पंधरा-वीस वर्षं जुना आहे हे मला वाचताक्षणी कळलं होतं. प्राणिशास्त्राच्या बाईला ते कळणार नाही तर कुणाला? मी ते पत्रात लिहिलं नाही. विसरले नाही. लिहिलं नाही.

आणखी एक. नोव्हेंबरात तू विचारलं होतंस, जंगल बंद करायचा कुणाचा विचार आहे का. मी नाही म्हणाले. तेव्हा ते खरं होतं. पण डिसेंबरात बेंगळूरहून आलेल्या अहवालाच्या मसुद्यात एक वाक्य होतं, की लोकांची ये-जा बंद करण्याची शिफारस सरकारला करावी. मी वाचलं आणि तुला कळवलं नाही. कळवलं असतं तर तुम्ही राखण सोडली असती आणि पाहुण्यांना दाखवायला काही उरलं नसतं. तुमचा महादेवप्पा मला न पाहता ओळखून होता.

आज मी तीन कागद लिहिले. एक कोर्टासाठी, त्यात पत्रक कधी, किती छापलं आणि खवल्याचं वय काय, हे सगळं लिहिलं आहे. एक बेंगळूरला, त्या वाक्याला माझी संमती नाही म्हणून, आणि गावाला विचारल्याशिवाय मंडळानं पुढचं पाऊल टाकू नये म्हणून. तिसरा राजीनामा. भीमसेनराव सकाळपासून समोर बसून होते. "मालती, मंडळ बुडेल. एका माणसासाठी सगळं जंगलाचं काम बुडवतेस," म्हणाले. मी म्हणाले, त्या माणसावाचून ते काम झालंच नसतं.

शुक्रवारी मी तालुक्याला येते आहे. तुला भेटायला येते असं म्हणत नाही. साक्ष द्यायला येते. तू तिथं असलीस आणि माझ्याशी बोलली नाहीस, तरी चालेल.

क्षमा मागत नाही. ती मागितली की द्यायचं ओझं तुझ्यावर येईल.

मालती

•

हळेकुंटा
१९ एप्रिल १९८७

मालतीबाईंना जयभीम.

त्या शुक्रवारी मी कोर्टाच्या आवारात लिंबाखाली उभी होते. तुम्ही मला बघितलं, मीही बघितलं. बोलायला आले नाही. भीमसेनराव हाताला धरून तुम्हांला मागं ओढत होते आणि तुम्ही हात सोडवून आत गेलात, तेवढं दिसलं. आत काय बोललात ते मालकांनी सांगितलं. "बाईनं समद्यासमोर सोताचं नाव घेतलं," म्हणाले. व्यापाऱ्यानंही कबूल केलं, बिदरला एका ओळखीच्यानं पत्रक दिलं आणि खणणारे लोक बाहेरून आणले होते. बाबूलालला तो ओळखतही नव्हता.

बाबूलाल त्याच्या पुढच्या सोमवारी सुटून आला. तुम्ही विचारलं नाही, तरी सांगते. कोंडाबाईंनी नवा दोरा आणला होता, भागाच्या गळ्यात बांधायला. त्यानं तो हातातनं काढून घेतला आणि चुलीत टाकला. मग तीन आठवडे जंगलाकडं तोंड केलं नाही. मोहाची फुलं पडून गेली, पोळी भरून आली, माणूस ओसरीवरनं हलेना. मी रोज जाऊन समोर बसायची. माझ्याकडं तो बघायचा न्हाई. एक दिवस मीच म्हणाले, "भावजी, घर धुंडलं मी. पत्र लिहिलं मी. शिव्या तरी द्या."

तर म्हणाला, "वैनी, तुमी धुंडलं त्याचं कायबी न्हाई. पर मला इचारलं कामून न्हाई? म्या सांगिटलं असतं की."

याचं उत्तर तुमच्याकडं असलं तर तुमच्यापाशीच ठेवा.

१४ एप्रिलला जयंतीची मिरवणूक झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी पारावर पुन्हा बैठक बसली. ती मी बोलावली नव्हती, महादेवप्पानं बोलावली. म्हणाला, तार मारनारे येतीलच, आज न्हाई तर उद्या. तवा आमी काय दावायचं? हितं जनावर हाय आन् ते आमीच राखलंय, येवढं तरी दावाया पायजे. वाद लई झाला. शेवटी ठरलं ते तुम्हांला कळवायला मला सांगितलंय, म्हणून हे पत्र. नाहीतर लिहिलं नसतं.

राखण पुन्हा सुरू केलीय. नऊजण आहोत. कुठल्याही मंडळाच्या नावानं न्हाई, गावाच्या नावानं. यादी कागदावर ठेवायची न्हाई. सरकारनं विचारलं, बेंगळूरनं विचारलं, तर किती आहेत ते सांगू. कुठं ते न्हाई. तुमच्याकडची मूळ यादी जाळली असेल तर तसं लिहा, नसेल जाळली तर जाळा. जंगल बंद करायच्या शिफारशीवर गावाचं म्हणणं आम्ही कन्नडात लिहून काढलंय. तुमचं इंग्रजी चांगलं. त्याचं इंग्रजी करून द्याल का, असं बैठकीनं विचारलंय. एकही शब्द कमी-जास्त करायचा न्हाई. झालं की आमच्याकडं पाठवा. इथल्या हायस्कूलचे मास्तर ते वाचून बघणार आहेत. राग मानू नका. न वाचता आता आम्ही काही पुढं धाडत न्हाई.

शेवटच्या पत्रात तुम्ही क्षमेचं लिहिलंत. त्यावर माझ्याकडं सध्या काही न्हाई. माठाचं पाणी मी विसरले न्हाई. त्या दिवशी तुम्ही कुणाला दाखवायला प्यालात का, असा एक संशय आता मधूनच येतो. पूर्वी कधी आला नव्हता. जाईल तेव्हा जाईल.

काल दिस कलायच्या आत बाबूलाल दारात आला. "वैनी, चला," म्हणाला. एवढंच. मी हातातलं पीठ तसंच ठेवून निघाले. बराच वेळ चाललो. मग त्यानं हातानं खूण करून मला खाली बसवलं. पुढं पाच-सहा हातांवर पालापाचोळा हलला. चिप्पुहंदी बाहेर आली. नाक मातीला लावून हळूहळू, म्हातारी माणसं चालतात तशी. शेपटीच्या मुळाशी पिल्लू चिकटलेलं. त्याचे खवले अजून मऊ, फिक्कट. आई थांबली की पिल्लू मान वर करायचं. बाबूलालनं माझ्याकडं बघितलं आणि हसला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

तुम्ही हा प्राणी रानात कधी बघितला न्हाई म्हणून लिहिलंय.

कुठं बघितला, ते लिहीत न्हाई.

चांगुणा